भिंतीला कान : चोरून ऐकणाऱ्या यंत्रांचे विज्ञान

'भिंतीलाही कान असतात' असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. पलीकडे कोणी उभे असण्याचा संभव असेल तर जपून बोलावे, एवढाच ह्या म्हणीचा अर्थ. ही म्हण रूढ झाली त्या काळी ऐकणारा हा माणूसच असे आणि त्याला भिंतीजवळ यावे लागे. विसाव्या शतकात मात्र ही म्हण शब्दशः खरी झाली. कान खोलीत ठेवावयाचा आणि ऐकणाऱ्याने दूर, दुसऱ्या इमारतीत बसावयाचे, ही गोष्ट शक्य झाली.

अशी यंत्रे कशी चालतात, ती कोण वापरते आणि त्यांना आळा कशाने बसतो, ह्या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी मॉस्को येथे १९४५ साली बसविलेल्या एका यंत्राचा आधार घेतला आहे. कारण त्याची रचना इतकी साधी होती की ह्या विषयातील मूलतत्त्वे त्यावरून स्पष्ट समजतात.

आवाज वस्तूंना हलवितो

मनुष्य बोलतो तेव्हा त्याच्या तोंडासमोरील हवेत दाबाचे चढउतार उत्पन्न होतात व ते लहरींच्या रूपाने सर्व दिशांना पसरतात. नेहमीच्या संभाषणात हे चढउतार फारच सूक्ष्म असतात. वातावरणाचा जो दाब आपल्यावर सदैव असतो, त्याच्या सुमारे पन्नास लाखाव्या हिश्शाइतकाच हा फरक असतो. तरीसुद्धा तेवढ्याने कानाचा पडदा हलतो आणि आपणास ऐकू येते.

परंतु ह्या लहरी केवळ कानाचाच पडदा हलवितात असे नाही. खिडकीची काच, भिंतीवरील चित्र, टेबलावरचा कागद, कुंडीतील रोपाचे पान, ह्या साऱ्या वस्तू बोलण्याबरोबर किंचित थरथरतात. दोन काड्यापेट्यांना दोरा बांधून मुले जो टेलिफोन करितात, त्यात हेच घडते. एका पेटीचा तळ बोलण्याने थरथरतो, ताणलेला दोरा ती थरथर वाहून नेतो आणि दुसऱ्या पेटीचा तळ तिचा पुन्हा आवाज करितो.

ह्यावरून पहिला सिद्धांत निघतो : जी जी वस्तू आवाजाने हलते, ती ती कान होऊ शकते. तिचे हलणे कोणीतरी मोजले पाहिजे, एवढीच अट आहे.

कान, शक्ती आणि वाट

चोरून ऐकणाऱ्या कोणत्याही यंत्रास तीन गोष्टी लागतात. आवाज ग्रहण करणारा कान, ते काम चालविण्यास लागणारी शक्ती आणि ग्रहण केलेला आवाज बाहेर पोचविणारी वाट.

कान म्हणजे मायक्रोफोन. त्याच्या एका प्रकारात धातूचा पातळ पडदा एका स्थिर पट्टीसमोर अगदी जवळ बसविलेला असतो. अशा दोन धातुपृष्ठांच्या जोडीला धारित्र म्हणतात, कारण तिच्यात विद्युत् भार साठवून धरता येतो. पृष्ठे एकमेकांजवळ आली म्हणजे ही धारकता वाढते, दूर गेली म्हणजे कमी होते. बोलण्याने पडदा मागेपुढे झाला की धारकता त्याच प्रमाणात बदलते, आणि हा बदल विजेच्या प्रवाहात उतरविता येतो.

शक्ती बहुधा विद्युत्‌घटापासून अथवा इमारतीतील विजेच्या तारांपासून घेतात. वाट दोन प्रकारची असते : एक भिंतीतून नेलेली तार, दुसरी तारेविना जाणाऱ्या रेडिओलहरी.

लपविणाऱ्यापुढील अडचण ह्या तीन गोष्टींतूनच उद्भवते. तार भिंत फोडल्यास सापडते. विद्युत्‌घट काही दिवसांनी संपतो व तो बदलण्यास पुन्हा खोलीत शिरावे लागते. रेडिओलहरी सतत बाहेर पडत असतील तर साध्या ग्राहकयंत्राने त्यांचा माग काढता येतो. म्हणजे यंत्राला जिवंत ठेवणारी प्रत्येक गोष्ट त्याचा ठावठिकाणाही सांगत असते. ही अडचण ज्या यंत्राने दूर केली, त्याची हकीकत आता पाहू.

मॉस्कोतील लाकडी गरुड

ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएट बालवीर संघटनेच्या मुलांनी अमेरिकेचे मॉस्कोतील राजदूत अॅव्हरेल हॅरिमन यांना एक भेट दिली. पंख पसरलेला गरुड असलेली अमेरिकेची राजमुद्रा लाकडात कोरलेली होती. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देश एका पक्षाने लढले होते, तेव्हा ही भेट मैत्रीची खूण म्हणून स्वीकारण्यात आली. राजदूताच्या स्पासो हाऊस ह्या निवासस्थानातील अभ्यासिकेत ती भिंतीवर टांगण्यात आली आणि सात वर्षे तेथेच राहिली. ह्या अवधीत एकामागून एक चार राजदूतांनी त्या खोलीत काम केले.

मध्यंतरी संशयास जागा मिळाली होती. मॉस्कोतील ब्रिटिश वकिलातीच्या एका रेडिओ कर्मचाऱ्यास १९५१ साली आपल्याच वकिलातीतील अधिकाऱ्याचे बोलणे लहरींवरून स्पष्ट ऐकू आले. असाच अनुभव पुढे अमेरिकनांनाही आला. परंतु शोध केला असता काही हाती लागेना. ऐकणारे गप्प बसले की यंत्रही गप्प बसे.

सप्टेंबर १९५२ मध्ये तज्ज्ञांनी निराळी युक्ती योजिली. यंत्र सापडावयाचे तर ते चालू असले पाहिजे, आणि ऐकण्याजोगे काही असल्याखेरीज ऐकणारे ते चालू करणार नाहीत. म्हणून तेव्हाचे राजदूत जॉर्ज केनन अभ्यासिकेत बसून आपल्या सचिवाला एक जुना राजनैतिक अहवाल मोठ्याने सांगू लागले, जणू काही महत्त्वाचे पत्र लिहिणे चालले आहे. इकडे तज्ज्ञ ग्राहकयंत्र घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडत होते. केनन यांचा आवाज त्या यंत्रात उमटला. शोध अखेर मुद्रेपाशी येऊन थांबला. प्रथम तिच्यामागची भिंत फोडण्यात आली, मग खुद्द मुद्रा उकलण्यात आली, आणि तिच्या पोटातून ते लहानसे उपकरण बाहेर आले. केनन तोपर्यंत अहवाल सांगतच होते.

ही गोष्ट आठ वर्षे जगापुढे आली नाही. मे १९६० मध्ये रशियाने अमेरिकेचे हेरगिरी करणारे विमान पाडले आणि तो प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे नेला. तेव्हा हेरगिरी दोन्ही बाजूंनी होते हे दाखविण्यासाठी अमेरिकेचे प्रतिनिधी हेन्री कॅबट लॉज यांनी तो गरुड सभागृहात आणून उघडून दाखविला.

विजेवाचून चालणारा कान

उपकरण पाहून तज्ज्ञ चकित झाले. त्यात विद्युत्‌घट नव्हता, तार नव्हती, निर्वात नळी नव्हती. सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाचे, डबीसारखे एक धातूचे पोकळ नळकांडे आणि त्याला जोडलेली सुमारे तेवीस सेंटिमीटर लांबीची एक काडी, एवढाच सारा संसार. वजन ३१ ग्रॅम. नळकांड्याचे एक तोंड अत्यंत पातळ पडद्याने बंद केलेले होते. पडद्याची जाडी मिलिमीटरच्या तेराव्या हिश्शाच्या जवळपास. पडद्यामागे, त्याला न टेकता, अळंब्याच्या आकाराची एक धातूची खुंटी उभी होती. तिचा सपाट माथा आणि पडदा मिळून वर सांगितलेले धारित्र तयार झाले होते.

मग ह्या यंत्रास शक्ती कोठून मिळे? ती बाहेरून पाठविण्यात येई. हे समजण्यासाठी तंबोऱ्याचे उदाहरण घेऊ. मधल्या दोन जोडीच्या तारा एका स्वरात मिळविलेल्या असल्या म्हणजे एक छेडताच दुसरी स्पर्शावाचून निनादू लागते. तिचा स्वर किंचित उतरविला तर हा प्रतिसाद मंदावतो. ह्यास अनुस्पंदन म्हणतात. धातूची पोकळीसुद्धा अशीच एका ठराविक स्वरात मिळविलेली असते. मात्र तिचा स्वर ध्वनीचा नसून रेडिओलहरींचा असतो.

निवासस्थानाबाहेरील एखाद्या ठिकाणाहून रशियन कर्मचारी त्या खोलीच्या रोखाने रेडिओलहरींचा जोरदार झोत सोडीत. मुद्रेतील काडी आकाशकाचे (अँटेनाचे) काम करी. ती ह्या लहरी पोकळीत नेई व त्यांचा काही अंश बाहेर परतवी. खोलीत कोणी बोलत नसेल तेव्हा परतणारी लहर एकसारखी असे. कोणी बोलू लागले की पडदा थरथरे, त्याचे व खुंटीचे अंतर बदले, त्याबरोबर धारकता बदले आणि पोकळीचा स्वर किंचित चढे वा उतरे. परिणामी परतणाऱ्या लहरीचा जोर बोलण्याच्या चढउतारानुसार कमीजास्त होई. लहर रिकाम्या हाताने जाई आणि आवाजाचा ठसा घेऊन परत येई. बाहेरील ग्राहकयंत्र हा ठसा वेगळा काढून त्याचे पुन्हा बोलणे करी.

झोत बंद झाला की मुद्रेत उरे ती केवळ लाकडात बसविलेली धातूची डबी. तिच्यातून कोणतीही लहर निघत नसे, म्हणून ती शोधणाऱ्यास सापडत नसे. संपण्यासारखे तिच्यात काही नव्हते, म्हणून तिला हात लावण्याची कधी गरज पडत नसे.

यंत्राचा कर्ता

हे उपकरण लेव्ह थेरेमिन ह्या रशियन शास्त्रज्ञाने तयार केले. त्याचा जन्म १८९६ साली सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. १९२० च्या सुमारास त्याने एक अपूर्व वाद्य शोधून काढले. त्याच्याच नावाने ओळखले जाणारे हे वाद्य हात न लावता वाजविता येते. वाद्याच्या दांडीजवळ हात नेला की हात आणि दांडी ह्यांच्यामधील धारकता बदलते व त्यानुसार स्वर चढतो वा उतरतो. हेच तत्त्व पुढे राजमुद्रेत आले. वादकाच्या हाताची जागा पडद्याने घेतली, इतकेच.

थेरेमिनने अमेरिकेतही काही वर्षे काढली व तेथे त्याच्या वाद्याचे पुष्कळ कौतुक झाले. १९३८ मध्ये तो मायदेशी परतला. पुढल्याच वर्षी त्याला अटक झाली आणि कोलिमाच्या श्रमछावणीत धाडण्यात आले. नंतर त्याला शास्त्रज्ञ कैद्यांसाठी असलेल्या प्रयोगशाळेत आणण्यात आले, आणि तेथे त्याच्याकडून चोरून ऐकण्याची यंत्रे करवून घेण्यात आली. १९४७ साली त्याला स्टालिन पारितोषिक देण्यात आले. दुसऱ्यांचे खाजगी बोलणे उघड करणारे यंत्र ज्याने घडविले, त्याला स्वतःला त्या काळी मोकळेपणाने बोलण्याची मुभा नव्हती. १९९३ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला.

पुढील प्रगती

लपविण्याच्या साऱ्याच यंत्रांत एवढी कल्पकता नव्हती. मॉस्कोच्या अमेरिकन वकिलातीत १९६४ साली भिंती फोडल्या तेव्हा तारांनी जोडलेले चाळीसहून अधिक साधे मायक्रोफोन सापडले. परंतु तोवर दोन शोधांनी चित्र पालटले होते. १९४७ सालच्या ट्रान्झिस्टरमुळे लहरी सोडणारे यंत्र बोटाच्या पेराएवढे करता येऊ लागले. १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेस्लर यांनी कायम विद्युत् भार धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पातळ पडद्याचा मायक्रोफोन केला. तो इतका स्वस्त व लहान निघाला की टेलिफोनपासून खेळण्यांपर्यंत सर्वत्र त्याचा प्रसार झाला.

पुढे खोलीत काही ठेवण्याचीही गरज उरली नाही. खिडकीच्या काचेवर लेसर किरण सोडला असता परतणाऱ्या किरणात काचेची थरथर उतरते व तीवरून आतील बोलणे समजू शकते. २०१४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या संशोधकांनी तर काचेपलीकडे ठेवलेल्या बटाट्याच्या वेफर्सच्या पिशवीचे अतिजलद चित्रण केले आणि केवळ पिशवीच्या थरथरीवरून जवळ बोललेले शब्द परत मिळविले. पहिला सिद्धांत येथे पूर्णत्वास गेला.

आज सर्वांत मोठा प्रश्न भ्रमणध्वनीचा आहे. कान, शक्ती आणि वाट ह्या तिन्ही गोष्टी त्यात मुळातच आहेत, आणि मालक स्वतः तो बरोबर बाळगतो. एखादी घातक आज्ञावली त्यात शिरली तर मालकाच्या नकळत त्याचा मायक्रोफोन चालू करता येतो.

ही यंत्रे कोण वापरते

पहिला वर्ग राष्ट्रांच्या हेरखात्यांचा. दुसरा वर्ग पोलिसांचा. खंडणी, अपहरण, लाचलुचपत अशा गुन्ह्यांत पुरावा मिळविण्यास ध्वनिमुद्रणाचा उपयोग होतो व कायद्याच्या मर्यादेत तो जगभर केला जातो. तिसरा वर्ग खाजगी व्यक्तींचा. धंद्यातील प्रतिस्पर्धी, मत्सरी नातलग, पैसे उकळू पाहणारे लोक ह्यांत मोडतात. त्यांच्या हाती हे यंत्र म्हणजे उघड उघड अपराधाचे साधन होय.

सर्वांत घातक उपयोग होतो तो राज्यसत्ता आपल्याच प्रजेचे कान होऊ पाहते तेव्हा. पूर्व जर्मनीच्या राज्य सुरक्षा खात्यात १९८९ मध्ये सुमारे ९१,००० लोक नोकरीस होते. नागरिकांच्या घरांत मायक्रोफोन लपविणे हे त्या खात्याचे नित्याचे काम होते. आपल्या स्वयंपाकघरातील बोलणेही कोठे तरी लिहून ठेवले जात असेल, ह्या शंकेनेच माणसे घरात मोकळेपणाने बोलेनाशी होतात. म्हणजे यंत्र बसविले नसले, तरी त्याच्या भीतीचा परिणाम होतच असतो.

हे शस्त्र उलटतेही. अमेरिकेत १९७२ साली विरोधी पक्षाच्या वॉटरगेट येथील कचेरीत चोरून ऐकण्याची यंत्रे बसविणारी माणसे रंगेहाथ पकडली गेली. अध्यक्ष निक्सन यांनी ते प्रकरण दडपण्याचा केलेला प्रयत्न त्यांनी स्वतःच आपल्या कचेरीत बसविलेल्या गुप्त ध्वनिमुद्रणावरून सिद्ध झाला, आणि ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांना पद सोडावे लागले.

कायद्याची भिंत

यंत्राला यंत्राने पूर्णपणे अडविता येत नाही, हे वरील विवेचनावरून दिसून येईल. लाकूड आवाज अडवीत नाही, काच तो बाहेर सांगते. म्हणून दुसरी भिंत उभारावी लागते, ती कायद्याची.

अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील एका सार्वजनिक टेलिफोनच्या खोक्याला केंद्रीय तपास संस्थेच्या (एफबीआयच्या) अधिकाऱ्यांनी बाहेरून मायक्रोफोन लावला होता. आम्ही आत शिरलोच नाही, मग हक्क मोडला कसा, असा सरकारचा युक्तिवाद होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली तो अमान्य केला. राज्यघटना संरक्षण देते ते जागेला नव्हे, माणसाला, असा त्या निर्णयाचा आशय आहे. भिंत ओलांडली की नाही ह्यापेक्षा, बोलणाऱ्याने खाजगी मानलेले बोलणे ऐकले की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

भारतात मुंबईच्या एका कॉरोनरवरील लाचेच्या खटल्यात हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला. एका डॉक्टरच्या संमतीने पोलिसांनी त्याच्या टेलिफोनला ध्वनिमुद्रक जोडला होता. १९७२ च्या निर्णयात न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य मानला. मात्र निरपराध नागरिकाच्या संभाषणास न्यायालयाचे संरक्षण राहील, हेही सांगितले. टेलिफोनवरील संभाषण खाजगी आयुष्याचा भाग आहे व ते मनमानी रीतीने ऐकता येणार नाही, असे १९९६ मध्ये ठरले आणि त्यासाठी नियम घालून देण्यात आले. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले.

१८८५ च्या तार अधिनियमाच्या जागी २०२३ चा दूरसंचार अधिनियम आला. त्याखालील २०२४ च्या नियमांनुसार दूरसंदेश ऐकण्याचा आदेश सामान्यतः केंद्राच्या अथवा राज्याच्या गृहसचिवाने द्यावयाचा असतो. तो एका वेळी साठ दिवसांपर्यंत व एकंदर एकशे ऐंशी दिवसांपर्यंतच चालू ठेवता येतो, आणि समितीकडून त्याची तपासणी होते. ऐकण्याची शक्ती ज्याच्या हाती आहे, त्याला लेखी कारण द्यावयास लावणे, हे ह्या साऱ्या नियमांचे सार आहे.

उपसंहार

विज्ञानातील तत्त्वाला स्वतःचा हेतू नसतो. राजमुद्रेतील उपकरणाचे तत्त्व आज भारतातील महामार्गांवर दिवसभर काम करीत आहे. मोटारीच्या पुढील काचेवर चिकटविलेल्या फास्टॅगमध्येही विद्युत्‌घट नसतो. टोलनाक्यावरील यंत्र रेडिओलहरी सोडते, फास्टॅग तिच्याच शक्तीवर जागा होतो आणि आपला क्रमांक परतणाऱ्या लहरीवर उमटवितो. मुद्रेतला पडदा माणसाचे बोलणे उमटवी, फास्टॅग नुसता क्रमांक उमटवितो. फरक आणखी एका गोष्टीत आहे, आणि तोच महत्त्वाचा : फास्टॅग मालकाने स्वतः जाणूनबुजून लाविलेला असतो. गरुडाखाली बसणाऱ्यास मात्र कोणी विचारले नव्हते.

करून पहा

एका पत्र्याच्या डब्याची दोन्ही तोंडे उघडी करा. एका तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधा व त्यावर आरशाचा नखाएवढा तुकडा चिकटवा. आरशावर सूर्यकिरण पडेल व कवडसा अंधाऱ्या भिंतीवर जाईल असा डबा धरा. आता दुसऱ्या उघड्या तोंडातून बोला, मग एक स्वर लांबवा. कवडसा कसा हलतो ते पहा. कवडसा कोणाच्याही डोळ्यांवर पाडू नये. पत्र्याची धार हात कापणार नाही अशी घासून घ्यावी.

विचार करा

१. राजमुद्रेतील यंत्र सात वर्षे का सापडले नाही?
२. केनन यांनी अहवाल मोठ्याने सांगण्याचे कारण काय?
३. तंबोऱ्याच्या तारा आणि मुद्रेतील पोकळी ह्यांत साम्य कोणते व भेद कोणता?
४. तुमच्या वर्गातील कोणकोणत्या वस्तू बोलण्याने थरथरत असतील?
५. गुन्ह्याच्या तपासासाठी बोलणे ऐकण्यास परवानगी असावी, तर ती कोणी द्यावी, किती काळ द्यावी व का?